पुण्यातून ऑपेराचा टेनर व्हायचंय? मग आधी जर्मन शिका

टेनर म्हणजे पुरुषाचा चढा आवाज. तो गळ्यात आहे आणि ऑपेराचं वेड लागलंय अशी पोरं बहुतेक वेळा ‘नेस्सून दोर्मा’पासून सुरुवात करतात, आणि माझी पहिली विनंती हीच की ते सध्या बाजूला ठेवा. पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरामधलं (पहिला प्रयोग १९२६, मिलानचं ला स्काला) हे गाणं जड टेनरचं आहे, विशीतल्या गळ्याने ते रोज ओढलं की आवाज दाबायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही. त्यापेक्षा मोत्झार्टचा तमिनो घ्या, दोनिझेत्तीचा नेमोरिनो घ्या, या टेनरच्या हलक्या भूमिका आहेत, मधली पट्टी मोकळी होऊ द्या. वरचा सी, म्हणजे टेनरचा तो उंच सूर, मागाहून येतो.

इथे माइक नसतो हे कायम डोक्यात ठेवा. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तयार गळ्यात ३००० च्या आसपास एक झळाळी येते, त्यामुळे आवाज वाद्यांना भेदून शेवटच्या रांगेपर्यंत जातो, म्हणजे काम ताकदीचं नाहीच, अनुनादाचं आहे. शास्त्रीय शिकला असाल तर सुराचा कान तयार आहे, हे मोठं भांडवल, पण आवाज लावायची रीत वेगळी, त्यासाठी वेस्टर्न व्होकलचाच गुरू हवा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या पाश्चात्य संगीताच्या परीक्षा द्या, नोटेशन झरझर वाचता यायलाच पाहिजे.

आता जर्मन. रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवन, कुठेही जा पण आजच नाव घाला. कारण जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा हाउसेस आहेत आणि त्यातली बरीचशी गायकांना वर्षभराच्या करारावर महिन्याच्या पगाराने ठेवतात. जगभर फिरणाऱ्या पाहुण्या टेनरला साधारणपणे प्रयोगामागे पैसे मिळतात, तालमीचे आठवडे बहुधा त्यातच धरलेले, आणि प्रयोगाच्या दिवशी घसा बसला तर त्या रात्रीचं मानधन सहसा गेलंच, वर एजंटचं कमिशन आहेच! म्हणून सुरुवातीची काही वर्षं पगारी नोकरीत छोटे रोल करत शिकणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तिथल्या सरकारी संगीत विद्यालयांत बहुतेक राज्यांत शिक्षणाची फी नाही, पण प्रवेशाला गाऊन दाखवावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी वयाची अट असते, ती आधी बघून घ्या. इटालियन आणि फ्रेंचचे उच्चारही लागतातच.

ऑडिशनला साधारण पाच आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची गाणी, तयार ठेवा, वेगवेगळ्या भाषांतल्या. पहिली तुम्ही निवडता, पुढची समोरचे मागतात, म्हणून जी नीट येत नाही ती यादीत टाकूच नका. आणि नोटेशनची प्रत नीट तपासून न्या, पियानो वाजवणारा माणूस अनोळखी असतो, झेरॉक्समध्ये खालची ओळ कापली गेली असेल तर तो बिचारा काय वाजवणार.