साहेबांचं डिजिटल ट्रेनिंग ठेवताय? मग या चुका टाळा

गेली काही वर्षं मी सरकारी अधिकाऱ्यांच्या बॅचेसना शिकवतो. तहसीलदार, बीडीओ (गटविकास अधिकारी), नगरपालिकांचे मुख्याधिकारी, कधी झेडपीचे खातेप्रमुख. बॅच संपली की दोन-तीन महिन्यांनी त्यातल्या कुणाच्या तरी ऑफिसला चक्कर मारायची सवय लावून घेतलीय, कारण वर्गात बसून काहीच कळत नाही, वर्गात सगळं चांगलंच चाललेलं असतं. मागे असाच एका तालुक्याला गेलो, तर ज्या साहेबांनी वर्गात सगळ्यात नेमके प्रश्न विचारले होते त्यांच्याच टेबलावर ई-ऑफिसमधल्या (फाईल कॉम्प्युटरवरच फिरवायची सरकारी सिस्टीम) टिपणीची प्रिंट, त्यावर पेनाने सही, आणि बाजूला एक मुलगा ती सही केलेली प्रिंट स्कॅन करून परत ई-ऑफिसला चढवत बसलेला. साहेबांना येत नव्हतं असं नाही, सगळं येत होतं. पण वरच्या ऑफिसमधून फोन आला होता, "फाईल कागदावरच पाठवा."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. आपण साहेबांना बटणं शिकवतो, निर्णय शिकवत नाही. कुठला कागद बंद करायचा, कुठला अधिकार खाली द्यायचा, अर्ज नेमका कोणत्या टेबलावर अडतो ते बघायचं, हे ऑपरेटर ठरवू शकत नाही, ते साहेबांनाच ठरवावं लागतं. आणि ट्रेनिंगमध्ये नेमकं तेच राहून जातं.

एकाच माणसाला शिकवून सोडून देणं

वरची गोष्ट याच चुकीतून झाली. ई-ऑफिस म्हणजे साखळी आहे, कार्यासनातला कारकून, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांताधिकारी, वर कलेक्टर ऑफिस. यातल्या एकानेही "मला प्रिंटवर वाचायची सवय आहे" म्हटलं की त्याच्या खालचे सगळे प्रिंट काढायला लागतात आणि काम दुप्पट होतं. मग लोक म्हणतात डिजिटलमुळे काम वाढलं, आणि त्यांचं खरंच वाढलेलं असतं. त्यामुळे बॅच भरताना पदाप्रमाणे भरू नका, फाईल ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरची माणसं एकत्र बोलवा. एका तालुक्याचे तहसीलदार आणि त्यांच्याच ऑफिसचे दोन कारकून शेजारी-शेजारी बसले की अर्ध्या तासात असे प्रश्न निघतात जे माझ्या स्लाइडवर कधीच नसतात. साहेबांसमोर कारकून बोलत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून पहिल्या दिवशी मी कारकुनांनाच फाईल उघडून दाखवायला लावतो आणि साहेबांना फक्त बघायला सांगतो.

आणि प्रिंट काढायचं चालूच असेल तर कारण खाली शोधू नका, वर शोधा.

डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये

याबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण हे जवळजवळ सगळीकडे आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमीलेयर, फेरफार, सगळ्यांवर अधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि त्या सहीचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, पिन एका चिठ्ठीवर मॉनिटरला चिकटवलेला. जूनमध्ये ॲडमिशनच्या सीझनला दिवसाला शेकड्याने दाखले येतात, साहेब मीटिंगला, दौऱ्यावर, निवडणुकीच्या कामाला, मग काय करणार, ऑपरेटरच सह्या मारत बसतो. मला त्यांची अडचण कळते, खरंच कळते. पण साहेब, हेच काम पेनाने असतं तर तुम्ही कोऱ्या कागदांचा गठ्ठा सही करून शिपायाकडे देऊन ठेवला असता का?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे सहीची खासगी किल्ली (प्रायव्हेट की) आपल्या ताब्यात ठेवायची काळजी ज्याची सही आहे त्यानेच घ्यायची असते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर कलम ६६सी (66C) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण ते वापरणाऱ्याला, आणि चौकशी लागली की पहिला प्रश्न मात्र सही ज्याच्या नावाची त्यालाच विचारला जातो. खोटा दाखला निघाला, चुकीचा फेरफार मंजूर झाला, आणि "मी त्या दिवशी ऑफिसलाच नव्हतो" असं म्हणून कुणी सुटत नाही.

आता यावर उपाय "डोंगल देऊ नका" एवढाच सांगितला तर तो पाळला जाणार नाही, कारण दाखले थांबतील आणि दारात पोरं-पालक उभे राहतील. म्हणून वर्गातच कामाची मांडणी करून घ्या. दिवसातून दोन वेळा ठरवायच्या, सकाळी आणि संध्याकाळी, त्या अर्ध्या तासात साहेब स्वतः बसून तपासलेल्या अर्जांवर एकगठ्ठा सह्या करणार. सीझनच्या आधीच नायब तहसीलदारांना अधिकार देऊन त्यांची वेगळी सही काढून घ्यायची. पिन आजच्या आज बदलायचा. मी तर पिन बदलल्याशिवाय जेवणाची सुट्टी देत नाही, लोक रागावतात पण बदलतात.

"शून्य पेंडन्सी"च्या मागे लागणं

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आणि तो खरोखर चांगला कायदा आहे, अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाही मिळाली तर खात्यातल्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पहिलं आणि दुसरं अपील, तिसरं आयोगाकडे, आणि कारण नसताना उशीर केला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला) पाचशे ते पाच हजार रुपये दंड. त्यामुळे डॅशबोर्डवर मुदतीबाहेरचे अर्ज लाल दिसले की धावपळ सुरू होते.

आणि मग काय होतं ते फिल्डवर काम केलेल्या सगळ्यांना माहितीये. मुदत संपायच्या आदल्या दिवशी अर्ज त्रुटीत टाकायचा, म्हणजे काहीतरी कमी आहे म्हणून परत पाठवायचा. "कागदपत्र अस्पष्ट." बस्स, एवढंच. कुठलं कागदपत्र, त्यात काय दिसत नाही, काही नाही. अर्जदार परत सेवा केंद्रात, परत स्कॅन, परत अर्ज, परत एक मजुरी बुडाली, आणि इकडे डॅशबोर्ड हिरवागार. रिव्ह्यू मीटिंगला त्याच ऑफिसचं कौतुक होतं.

म्हणून साहेबांना आकडा वाचायला शिकवा. नुसतं पेंडिंग किती ते बघू नका, या महिन्यात त्रुटीत किती गेले ते बघा, त्यातले शेवटच्या दोन दिवसांत किती, आणि एकाच माणसाचा अर्ज दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा किती वेळा आला. मी बॅचला त्यांच्याच ऑफिसचे त्रुटीत टाकलेले वीस अर्ज आणायला सांगतो, नावं आणि आधार नंबर झाकून, आणि वर्गात एकेक शेरा मोठ्याने वाचायला लावतो. समजा हा शेरा तुमच्या आईच्या अर्जावर आला तर पुढे काय करायचं ते तिला कळेल का? तिसऱ्या-चौथ्या अर्जाला वर्ग शांत होतो. नंतर तेच लोक बसून शेऱ्यांची साधी यादी करतात, "रेशन कार्डाचं दुसरं पान जोडलेलं नाही, तेवढंच जोडा" असे शेरे, आणि ती यादी ऑपरेटरच्या टेबलावर लागते. एवढ्या छोट्या गोष्टीने फेऱ्या कमी होतात.

डिजिटल दिलं आणि परत शिक्का मागितला

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यावर पडताळणीसाठी नंबर असतो, वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते. तरी तोच सातबारा दुसऱ्या काउंटरला नेला की "तलाठ्याचा शिक्का आणा." डिजिलॉकरमधल्या कागदपत्रांना २०१७ मध्येच मूळ कागदपत्रांच्या बरोबरीचं मानलंय, तरी झेरॉक्स आणि त्यावर साक्षांकन मागायचं चालूच. इथे काउंटरवरचा माणूस दोषी नाही, त्याला भीती असते की उद्या ऑडिटला कोण उत्तर देणार. ही भीती फक्त साहेबच काढू शकतात, लेखी आदेशाने. वर्गात प्रत्येकाला आपल्या ऑफिसचा एक आदेश लिहायला लावा, अमुक कागद यापुढे मागायचा नाही, नंबर टाकून पडताळायचा. मसुदा तिथेच तयार, सोमवारी सही. तो आदेश निघाला की नाही हे पंधरा दिवसांनी फोन करून विचारायचं. सर्टिफिकेट मी त्यानंतरच द्यावं असं मला वाटतं, सगळ्या ठिकाणी ते मान्य होत नाही ही गोष्ट वेगळी.

नगर जिल्ह्यात १९८० च्या दशकात कलेक्टर अनिलकुमार लखीना यांनी ऑफिसची बसण्याची रचना, रेकॉर्डची मांडणी, कामाची वाटणी सगळं बदललं, तो लखीना पॅटर्न पुढे राज्यभर गाजला, आणि त्यात कॉम्प्युटरचा संबंध नव्हता. जुन्या लोकांकडून ते जरूर ऐकावं. आधी कामाचा रस्ता सरळ करायचा, मग त्यावर सॉफ्टवेअर बसवायचं.

ज्याचा अर्ज आहे तोच विसरला जातो

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला २०२५ मध्ये नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी मागितला गेला. आता ज्या बाईचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने काय करायचं? नंतर अशा महिलांसाठी वेगळी सोय करावी लागली, मुदत वाढवावी लागली. हा प्रश्न पहिल्याच दिवशी एखाद्या अंगणवाडी सेविकेला विचारला असता तर तिने ही अडचण लगेच सांगितली असती. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही ते म्हातारे लोक, ऊसतोड करणारे, विटा उचलणारे, त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावकडे नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं.

म्हणून वर्गातला एक सराव मी कधीच सोडत नाही. साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवरून, ऑपरेटरची मदत न घेता, एका दाखल्याचा अर्ज भरायचा. फोटोची साइज कमी करा, पीडीएफ करा, ओटीपीची वाट बघा, पेज एक्सपायर झालं की पहिल्यापासून सुरू करा. एका सीनियर मॅडमनी पाऊण तास झगडून फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे आम्ही लोकांना रोज करायला लावतो?" दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसच्या दारात एक टेबल लागलं, एक कर्मचारी, एक फोन, फुकट मदत. शासन निर्णय नाही, बजेट नाही.

पटकन बघायच्या काही गोष्टी

आयगॉट कर्मयोगीवर (सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा ऑनलाइन ट्रेनिंगचा प्लॅटफॉर्म) व्हिडिओ चालू करून बाजूला ठेवले जातात किंवा कोर्स दुसराच कुणीतरी पूर्ण करतो. कोर्सची संख्या मागू नका, शिकलेल्यातलं ऑफिसमध्ये काय लावलं ते एका पानावर मागा.

लाभार्थ्यांची यादी वेबसाइटवर टाकताना आधार आणि खाते नंबर तसेच जातात, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सर्रास. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, यादी चढवायच्या आधी कोण तपासणार ते नावानिशी ठरवा.

ऑफिसची सिस्टीम हॅक झाली की लोक गप्प बसतात, फॉरमॅट मारून मोकळे होतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. फॉरमॅट मारलं की पुरावाही गेला. कळवणाऱ्याला आधी झापायचं नाही एवढं तरी साहेबांना वर्गात पटवून द्या.

आणि बदली. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षं, प्रत्यक्षात कधी दीड वर्षातच ऑर्डर येते. साहेब गेले की पोर्टलचा ॲडमिन पासवर्ड त्यांच्या खासगी नंबरला जोडलेला, वेबसाइटचं डोमेन एजन्सीच्या माणसाच्या नावावर, आणि तो माणूस फोन उचलत नाही. चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्यांची यादी करतो ना आपण, तशीच लॉगिनची करायची, कुठला लॉगिन, कुठल्या ईमेलला, कुठल्या नंबरला, रिन्यू कधी. नंबर ऑफिसचा, ईमेल पदाच्या नावाचा. ही यादी ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशीच बनवून घ्या, बदलीच्या आठवड्यात कुणालाच वेळ नसतो.