एंडोफाइटवर काम करणार असाल तर पहिली पिढी आधी जपा

एम.एस्सी. झालं, पीएच.डी.ची नोंदणी झाली आणि गाइडनी विषय हातात ठेवला: औषधी वनस्पतींमधल्या एंडोफायटिक बुरशी, म्हणजे झाडाला त्रास न देता त्याच्या आत राहणाऱ्या बुरशी. खान्देशातल्या कॉलेजांमध्ये हा विषय कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतोच, कारण सातपुडा दाराशी आहे. तोरणमाळ, पाल, धडगाव, अक्कलकुवा. सफेद मुसळी, कळलावी, सालई, गुळवेल, अर्जुन, मागाल ते आहे. आणि विषय दिसतो सोपा. पान आणा, निर्जंतुक करा, कापा, पीडीएच्या (बटाटा, साखर आणि अगार यांच्या जेलीसारख्या खाद्याच्या) प्लेटवर ठेवा, आठवड्याभरात कापलेल्या कडेतून बुरशी डोकं काढते. तिथपर्यंत तो सोपाच आहे.

माझी आई विचारायची, "बुरशी लागनी का आपन फेकी देतस, नि तू ती पाळस?" तिला धड उत्तर देणं मला बरेच दिवस जमलं नाही, कारण पाळलेली बुरशी काहीच करत नव्हती.

आधी करत होती. अर्जुनाच्या सालीतून निघालेल्या एका बुरशीच्या एक्स्ट्रॅक्टने स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या प्लेटवर असा स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न उगवलेलं वर्तुळ, दिला होता की शेजारच्या लॅबमधली पोरंही बघून गेली. उन्हाळा सरला आणि तीच बुरशी, तोच मीडिया (वाढीचं खाद्य), अर्क काढायचं तेच इथाइल ॲसिटेट असताना झोन एक्स्ट्रॅक्ट लावलेल्या कागदी डिस्कच्या कडेला येऊन चिकटला. पुढे तोही गेला. सॉल्व्हंट बदललं, पीएच तपासला, स्टॅफिलोकोकसचं नवं कल्चर मागवलं. दोष कशातच सापडेना. बुरशी जिवंत, वाढ उत्तम, रंगही तोच. नुसतं औषध बनवणं तिने सोडलं होतं.

पृष्ठभाग निर्जंतुक करण्याची कृती मी इथे लिहीत नाही. सत्तर टक्के अल्कोहोल, सोडियम हायपोक्लोराइट, पुन्हा अल्कोहोल, निर्जंतुक पाणी, हे प्रत्येक थिसिसमध्ये मिळेल. शेवटचं धुतलेलं पाणी मात्र एका प्लेटवर पसरून बघा. त्यावर काही उगवलं, तर तुमची बुरशी पानाच्या आतली की वरची हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि व्हायव्हाला तोच प्रश्न येईल. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. बुरशी वारंवार सबकल्चर केली, म्हणजे तुकडा उचलून नव्या प्लेटवर लावत नवी पिढी काढत राहिलं, की ती उपयोगाचं रसायन बनवणं कमी करते, कधी पूर्ण थांबवते. याला अटेन्युएशन म्हणतात आणि रिव्ह्यू पेपरमध्ये ते एका ओळीत उरकलेलं असतं. ती ओळ मीही वाचली होती. वाचून काही होत नाही. झाडात असताना तिच्याभोवती दुसऱ्या बुरशी असतात, जिवाणू असतात, झाडाची स्वतःची रसायनं असतात. प्लेटवर आयती साखर आणि बटाट्याचा अर्क. दावणीला चारा मिळायला लागल्यावर बैल औताला खांदा कशाला देईल? दुय्यम रसायनं बनवणारे जनुकांचे गट मग गप्प होतात.

त्यात भर आपल्या हाताची. सबकल्चर करताना आपण प्लेटच्या कडेचा, सगळ्यात जोरात धावणारा तुकडा उचलतो. म्हणजे दर वेळी वाढीत पुढे असलेल्याला निवडतो, आणि रसायन बनवण्यात शक्ती घालवणारा मागे राहतो. काही महिन्यांत आपणच आळशी बुरशी तयार केलेली असते. कॉलनीत एखादा पंख्यासारखा वेगळा पट्टा दिसला, बीजाणू कमी व्हायला लागले, पांढरा कापूस वाढला, की समजा गाडी घसरतेय.

कधी कधी गोष्ट याहून वाईट असते. चीनमधल्या कॅम्प्टोथेका झाडातली एक फ्युजेरियम कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ रसायन बनवते, अशी नोंद झाली होती. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तसं प्रमाण घसरत गेलं. शोध घेतला तेव्हा दिसलं की साखळीतलं एक महत्त्वाचं एन्झाइम बुरशीकडे नव्हतंच, त्यासाठी ती झाडावर अवलंबून होती. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातूनही कॅम्प्टोथेसिन बनवणारी बुरशी २००५ साली जम्मूच्या शास्त्रज्ञांनी नोंदवली. आणि टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची गोष्ट तर प्रत्येक थिसिसच्या प्रस्तावनेत असते: १९९३, पॅसिफिक यू या झाडाची साल, त्यातली टॅक्सोमायसेस अँड्रिआनी ही बुरशी. त्या प्रस्तावनेत दोन गोष्टी सहसा नसतात. लिटरभर कल्चरमागे मिळालेलं टॅक्सॉल नॅनोग्रॅममध्ये होतं, आणि २०१३ साली जर्मनीतल्या गटाने पुन्हा तपासलं तेव्हा बुरशी स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून सांगते, सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'कॅन्सर' घालायचा मोह आवरा. गाइड आग्रह करतील. तरी आवरा.

तर करायचं काय? शुद्ध कल्चर हातात आलं, की त्याच दिवशी, झोन बघण्याच्याही आधी, साठा करा. उणे ऐंशीचं फ्रीजर असेल तर वीस टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवा. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत ते नसतं, आणि असलं तर मे महिन्यातल्या लोडशेडिंगपुढे त्याचं काही चालत नाही. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसवर असताना वीज गेली, की अठ्ठावीस अंशांवर लावलेला, तापमान स्थिर ठेवणारा बीओडी इनक्युबेटर म्हणजे नुसतं बंद कपाट. अशा ठिकाणी कास्तेलानीची पद्धत वापरा. आल्दो कास्तेलानी या इटालियन डॉक्टरांनी १९३९ साली सांगितलेली: स्क्रू-कॅपच्या छोट्या बाटलीत निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी, त्यात बुरशीचे अगारसकट कापलेले पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे, झाकण घट्ट. बस. पाण्यात खायला नसतं, म्हणून ती वाढत नाही आणि मरतही नाही. वर्षानुवर्षं टिकल्याच्या नोंदी आहेत. एका बुरशीच्या आठ-दहा बाटल्या करा, निम्म्या दुसऱ्या इमारतीत ठेवा. बाटलीवर झाडाचं नाव, भाग, ठिकाण, तारीख आणि पिढीचा आकडा लिहा. पिढीचा आकडा कुणी लिहीत नाही. लिहा. प्रत्येक प्रयोग पहिल्या-दुसऱ्या पिढीपासून सुरू करा, प्लेटवरून प्लेटवर साखळी ओढत बसू नका.

आधीच गप्प झालेली असेल तरी घाबरून जाऊ नका, नेहमीच सगळं संपलेलं नसतं. मीडिया बदलून बघा: तांदूळ, ज्वारी, कमी साखरेचा द्रव मीडिया, हलवत आणि न हलवता. एकच बुरशी वेगळ्या मीडियावर वेगळी रसायनं देते. मूळ झाडाच्या पानांचा अर्क मीडियात थोडा घालूनही काही बुरशी जाग्या होतात. पण अर्जुनाचा अर्क घातला तर अर्जुनाचाच झोन येऊ शकतो! बुरशी न घातलेला, बाकी सगळं तसंच असलेला फ्लास्क सोबत हवाच. माझी बुरशी अशीच परतली, पूर्वीइतकी नाही, पण प्रकरण लिहिण्याइतकी.

ओळख पटवण्याबद्दल माझं मत कडक आहे. आयटीएस हा डीएनएचा एक तुकडा सिक्वेन्सिंगसाठी बाहेर पाठवायचा, ब्लास्ट या ऑनलाइन तुलनेत नव्व्याण्णव टक्के जुळलं की प्रजातीचं नाव छापून मोकळं व्हायचं, हा शॉर्टकट आहे. फ्युजेरियम, कोलेटोट्रिकम, डायपोर्थे यांत एकट्या आयटीएसवर प्रजाती ठरत नाही, आणखी जनुकं लागतात. पुण्याच्या आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे कल्चर जमा करा, ओळखही करून घ्या. पैसे घेऊन महिन्यात पेपर छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि ऑटोक्लेव्हबद्दल, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राबद्दल, शंका आली, तर गाइडना नाही, लॅबमधल्या मामांना विचारा.

उपयोग म्हणाल तर माझं मन आता औषधापेक्षा शेतीकडे जास्त ओढ घेतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन भागात पासष्ट अंश तापलेल्या मातीत एक गवत जगतं, ते आतल्या कर्व्ह्युलेरिया बुरशीमुळे, आणि त्या बुरशीत एक विषाणू असला तरच. वेगळं केलं तर गवतही टिकत नाही आणि बुरशीही. आपल्या अंजन-सालईच्या फांद्यांत मे महिन्यात कोण राहतं, हे केळी-कापसाच्या या पट्ट्यात कुणीतरी बघायला हवं. तुमचा विषय अजून ठरायचा असेल तर हा घ्या.

नमुने पावसाळ्यात आणा, बुरशी जास्त मिळतात. यावल अभयारण्यातून फांदी तोडायलाही वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ जातो, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका. मुसळीचे कंद उपटू नका, पानं पुरतात. तोरणमाळहून निघताना नमुने कागदी पिशवीत घालून आइसबॉक्समध्ये ठेवा आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी कापायला घ्या. साठ्याच्या पाण्याच्या बाटल्या मात्र जाण्याआधीच ऑटोक्लेव्ह करून ठेवा.