मुलं स्वतःहून शिकत नाहीत? शिकवताना या चुका टाळा

धडा संपला की “समजलं का?” असं विचारलं जातं आणि अख्खा वर्ग “होऽऽ” म्हणतो. ज्याला काहीच कळलेलं नाही, त्याचाही आवाज त्यात असतो. त्याऐवजी समजल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही असं काहीतरी विचारा. बाष्पीभवन शिकवलंय ना? मग पंख्याची हवा गरम नसूनही ओला रुमाल पंख्याखाली लवकर का वाळतो?

आणि विचारल्यावर थांबा. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या सुमारास वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबत होते. तेच ३ सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं सविस्तर आली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, प्रश्नही विचारू लागली. म्हणून हात वर करू देऊ नका. मनात पाचपर्यंत मोजा, वहीत एक ओळ लिहून घ्या, शेजाऱ्याशी मिनिटभर बोलू द्या आणि मगच हजेरी क्रमांकाची चिठ्ठी काढा. “वाऱ्याने पाणी उडून जातं” असं उत्तर आलं तर “चूक, बस खाली” म्हणू नका. कापडालगतची दमट हवा वारा खरोखरच दूर नेतो; निम्मं उत्तर त्या मुलाने दिलंच आहे. “उडून जातं म्हणजे काय होतं?” एवढं विचारलं की पुढचं तोच शोधतो.

घरची नेहमीची चूक म्हणजे “पुन्हा एकदा वाच.” वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. तेव्हा पुस्तक मिटून पाच मिनिटं आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दोन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा तसंच. गाइडमधली उत्तरं उतरवून वही पूर्ण होते, पण त्यात आठवण्याचा भाग येतच नाही.

जे मूल आपणहून वाचतं, त्याला पुस्तकामागे चॉकलेट कबूल करू नका. चॉकलेट बंद झालं की वाचनही थांबण्याची भीती असते. शाबासकी चालेल, सौदा नको.

प्रकल्पासाठी तयार तक्ते आणून चिकटवणंही सोडा. तीन वाट्यांत दहा-दहा भिजवलेले मूग घ्या: एक कोरडी, एकीत ओलं फडकं, एक पाण्याने भरलेली. काय होईल ते मुलाने आधी लिहायचं, मग तीन दिवस रोज मोड मोजायचे. अंदाज चुकला तर तो खोडू द्यायचा नाही. शेजारी खरा आकडा लिहायचा.