आधी कपडा उलटा करा

जुन्या कपड्यांचं वय ओळखायचं आणि त्यांची निगा राखायची हे काम शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्यासमोर एक काळा क्रेपचा फ्रॉक ठेवला आणि विचारलं, "किती सालचा?" मी गळा पाहिला, बाह्या पाहिल्या, उभार खांदे पाहिले आणि ठामपणे सांगितलं, "१९४० च्या आसपासचा." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फ्रॉक फक्त उलटा केला. पाठीला नायलॉनची चेन, आतल्या सगळ्या शिवणींना ओव्हरलॉक, म्हणजे कडा उसवू नयेत म्हणून यंत्राने घातलेली टीप, आणि कडेच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांचं छोटं लेबल. "आता सांग."

फ्रॉक १९७० च्या दशकातला निघाला. त्या दशकात १९४० च्या धाटणीची फॅशन पुन्हा आली होती. फॅशन अशी फिरून फिरून येते, म्हणून नुसत्या बाहेरच्या रूपावर विसंबलं की चूक ठरलेलीच. आत काय आणि कसं शिवलंय ते बघायचं. नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी आजही सगळ्यात आधी हेच सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे, कपड्यावरची सगळ्यात नवी खूण त्याचं वय ठरवते. दहा खुणा जुन्या असतील आणि एकच १९६४ नंतरची असेल, तर तो कपडा १९६४ च्या आधीचा असूच शकत नाही. अर्थात ती खूण मुळातली हवी, नंतर कोणी लावलेली नको. त्याबद्दल पुढे सांगते.

सुरुवात चेनपासून करा. आज आपण वापरतो त्या धर्तीची चेन अभियंते गिडियन सुंडबॅक यांनी १९१३ मध्ये तयार केली, पण बायकांच्या फ्रॉकांत ती रुळायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडली. त्याआधी हूक, टिचबटणं आणि साधी बटणंच जास्त. १९४० च्या दशकातल्या फ्रॉकांत धातूची चेन बहुतेक डाव्या कुशीला असते. पुढे ती पाठीवर आली आणि १९६० च्या दशकात धातूच्या जागी नायलॉनची झाली. ओव्हरलॉकचं यंत्र मात्र १८८० च्या दशकापासूनचं आहे, त्यामुळे एकट्या ओव्हरलॉकवरून काहीच ठरवू नका. १९५० पर्यंतच्या कपड्यांच्या आतल्या कडा बऱ्याचदा नागमोडी कात्रीने कापून तशाच सोडलेल्या दिसतात.

लेबलं वाचण्यात मला खरा आनंद मिळतो. ब्रिटनमध्ये युद्धकाळातल्या काटकसरीच्या कपड्यांवर 'सीसी४१' हे चिन्ह असे; ते १९४१ ते १९५२ एवढ्याच काळातलं. लोकरीच्या गुंड्यासारखं दिसणारं वूलमार्कचं, म्हणजे अस्सल लोकरीची खात्री देणारं, चिन्ह आलं १९६४ मध्ये. अमेरिकेत कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे लिहिणं १९६० पासून सक्तीचं झालं आणि धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल १९७२ पासून. लीवाइसच्या जीन्सवरच्या लाल पट्टीवरचं नाव आधी पूर्ण मोठ्या लिपीत असे, १९७१ मध्ये त्यातला 'ई' लहान झाला. या एका अक्षरासाठी लोक भिंग घेऊन बसतात आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

धागाही बोलतो. 'रेयॉन' हे नाव १९२४ मधलं. त्याआधी त्याला कृत्रिम रेशीम म्हणत. नायलॉनचे मोजे दुकानांत आले १९४० मध्ये, पॉलिएस्टरचे कपडे १९५० च्या दशकात आणि ताणणारा स्पॅन्डेक्स धागा शोधला गेला १९५८ मध्ये. धागा ओळखायला आतल्या शिवणीतून एक सूत काढायचं, चिमट्यात धरायचं आणि बशीवर जाळून बघायचं. सुती आणि रेयॉन कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. उभं सूत आणि आडवं सूत वेगवेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही तपासा.

आता मघाशी सोडलेला मुद्दा. एकदा माझ्याकडे एक फ्रॉक आला. कापड, शिवण, टिचबटणं सगळं १९३० च्या दशकाशी जुळणारं आणि कुशीला मात्र नायलॉनची चेन. माझा नियम लावला तर तो १९६० नंतरचा ठरत होता, आणि मन काही ते मानेना. खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. चेनच्या टिपेपासून पाव इंचावर सुईच्या रिकाम्या भोकांची एक सरळ रांग होती. भोकांच्या कडेने कापडाचा मूळचा गडद रंग टिकलेला, कारण तिथे कधीकाळी दुमड होती आणि उजेड पोचला नव्हता. चेन शिवलेला दोराही बाकीच्या दोऱ्यापेक्षा चकाकणारा, पॉलिएस्टरचा. म्हणजे चेन नंतर बसवलेली होती. तेव्हापासून चेन, लेबल आणि बटणं यांच्या आजूबाजूला जुनी भोकं आहेत का, हे बघितल्याशिवाय मी तोंडातून साल काढत नाही.

दागिने आणि बटणांच्या बाबतीत नाक उपयोगी पडतं. वस्तू अंगठ्याने जोरात घासून गरम करा. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, औषधी कार्बोलिक वास आला तर बेकलाइट. दोन्ही सुरुवातीच्या काळातली प्लास्टिकं: सेल्युलॉइड १८७० च्या आसपासचं, बेकलाइट १९०७ चं. काही जण तापवलेली सुई टोचून बघतात, ते मुळीच करू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. शिवाय जुनं झालं की त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते आणि शेजारच्या धातूला, कापडाला खाते, म्हणून सेल्युलॉइडच्या कंगव्यांना आणि बटणांना हवेशीर, वेगळी जागा द्या. कानातल्यांमध्ये स्क्रूचे जुने, क्लिपचे १९३० च्या दशकापासूनचे. अमेरिकी नकली दागिन्यावर गोलातला 'सी' दिसला तर तो बहुधा १९५५ नंतरचा, कारण त्या वर्षी तिथल्या न्यायालयाने ट्रायफारी कंपनीच्या खटल्यात दागिन्याच्या रचनेला स्वामित्वहक्क मान्य केला.

एकोणिसाव्या शतकातली झळाळती हिरवी वस्तू किंवा जुनी फेल्टची टोपी हाताळताना हातमोजे घाला. त्या हिरव्या रंगात आर्सेनिक असू शकतं आणि फेल्ट बनवताना पारा वापरत असत.

आता निगा. ओळख पटल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही. हे मी फार महागात शिकले. सुरुवातीच्या वर्षात एक रेयॉन क्रेपचा फ्रॉक मी थंड पाण्यात भिजवला. क्रेपच्या धाग्याला खूप पीळ असतो; पाणी लागलं की तो पीळ आवळतो. डोळ्यांदेखत फ्रॉक वीतभर आटला आणि पुन्हा कधीच मूळ मापावर आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तसा दुसरा मिळणार नव्हता. टिकल्यांचंही तसंच. १९३० च्या दशकातल्या अनेक टिकल्या जिलेटिनच्या असतात. ओल्या बोटाने हात लावलात तरी त्या चिकट होतात, गरम पाण्यात विरघळतात, इस्त्रीखाली वितळतात. संशय आला तर आतल्या कडेची एकच टिकली थेंबभर पाण्यात टाकून बघा.

धुता येण्यासारखं सुती किंवा तागाचं असेल तर आधी ओल्या कापसाचा बोळा आतल्या शिवणीवर दाबून रंग जातो का बघा. मग सौम्य साबण, भरपूर पाणी, खाली जाळी. उचलायचं ते जाळीसकट. ओलं कापड स्वतःच्या वजनाने फाटतं, म्हणून पिळायचं नाही आणि टांगायचं नाही. रेशीम आणि लोकरीला क्लोरीनचं ब्लीच कधीच लावू नका.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही दशकं रेशमाला वजन यावं म्हणून कथिलाचे क्षार पाजत. ते रेशीम आता घडीवर उभं चिरत जातं. त्यावर इलाज नाही. त्याला रफूही नको, कारण सुई टोचली की नवी चीर पडते. फक्त आडवं ठेवायचं आणि हात कमी लावायचा.

ठेवताना आम्लरहित कागद वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल कोंडते. मण्यांचा फ्रॉक हँगरला लावू नका, खांदे फाटतात. कसर लागली असेल तर लोकरीचा कपडा पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कापडावर पाणी धरतं. मणी किंवा प्लास्टिक असलेल्या कपड्यांना हा उपाय नको. डांबरगोळ्या मी वापरणं सोडलं. त्यांची वाफ माणसालाही बरी नाही आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. कसर घाम आणि डाग लागलेल्या लोकरीवर आधी येते, तेव्हा स्वच्छ करून ठेवणं जास्त कामाचं.

दर वर्षी एकदा सगळं बाहेर काढते, घड्या मोडते आणि नव्या जागी घालते, वाकणात कागदाची गुंडाळी ठेवते. त्याच वेळी वही उघडते. प्रत्येक कपड्याला एक पान: माप, चेन, शिवण, लेबल, दुरुस्त्या आणि शेवटी अंदाजे साल, पेन्सिलने. त्या पहिल्या काळ्या फ्रॉकच्या पानावर माझं '१९४०' खोडलेलं आहे आणि त्याशेजारी बाईंच्या अक्षरात 'आतून बघितलंस का?'