रेटिनॉल सोसत नसेल तर: बावचीतलं बाकुचिओल चेहऱ्याला कसं लावावं

रेटिनॉल म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत गेल्यावर टप्प्याटप्प्याने त्याचं रेटिनॉइक आम्ल होतं, नव्या पेशी लवकर वर येतात, त्वचा घट्ट ठेवणारं कोलाजेन वाढतं. बारीक सुरकुत्या आणि डागांवर ते काम करतं यात शंका नाही. पण अनेकांना ते सोसत नाही. चेहरा चुरचुरतो, पापुद्रे सुटतात, आणि पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत तर हा त्रास दुपटीने जाणवतो. वनस्पतीतून मिळणाऱ्या पर्यायांत ज्याचा मी मनापासून पुरस्कार करेन तो एकच, बाकुचिओल.

हे द्रव्य बावची या औषधी वनस्पतीच्या बियांत असतं. १९६६ साली ते शुद्ध रूपात प्रथम वेगळं केलं ते आपल्याच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आज परदेशी सीरमच्या बाटलीवर हे नाव मिरवतं तेव्हा पुणेकरांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी. त्याची रचना रेटिनॉलसारखी नाही, तरी त्वचेतल्या बऱ्याच जनुकांवर त्याचा परिणाम रेटिनॉलसारखाच दिसतो. ४४ जणांवर १२ आठवडे झालेल्या एका चाचणीत ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा लावून पाहिलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हींमुळे सारखेच कमी झाले. चुरचुर आणि पापुद्रे मात्र रेटिनॉलवाल्यांना जास्त. चाचणी लहान आहे, पण तुलना थेट रेटिनॉलशी आहे, म्हणून तिला किंमत.

१. आधी हे टाळा: बी वाटून लावणं

मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत बावची सहज मिळते, स्वस्तही असते. "यातूनच बाकुचिओल काढतात ना, मग घरीच वाटू" हा विचार चेहऱ्याला महागात पडतो. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्यही असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते, फोड येतात, आणि मागे राहिलेला काळा डाग महिनोन्महिने जात नाही. कोडावरच्या उपचारात बावची वापरतात ती नेमक्या याच गुणासाठी, आणि तिथेही प्रमाण आणि उन्हाचा वेळ वैद्य किंवा डॉक्टर ठरवतात. बावचीच्या तेलालाही हेच लागू. लेप लावून, धुऊन, तासाभराने दुचाकीवर सिंहगड रोडला निघालात तर ऊन आपलं काम करणारच. लिंबाचा रस चेहऱ्याला चोळणंही त्याच जातीचं आहे; लिंबाच्या सालीतही उन्हाने भाजवणारी अशीच द्रव्यं असतात.

२. बाटलीवरची यादी वाचा

घटकांच्या यादीत स्पष्ट 'बाकुचिओल' असं लिहिलेलं हवं. 'बाबची ऑइल' किंवा 'सोरालिया कोरिलिफोलिया सीड ऑइल' एवढंच असेल तर ते बावचीचं तेल आहे, शुद्ध केलेलं बाकुचिओल नाही. ठेवून द्या. प्रमाण ०.५ ते १ टक्का पुरे. सुगंधी तेलं घातलेलं सीरम नाजूक त्वचेला नको. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'प्लांट रेटिनॉल' असतं, त्यावर जाऊ नका. ते घटकाचं नाव नव्हे. अलीकडे मटकीचा अर्कही याच नावाने विकतात. मोड आलेली मटकी खायला उत्तम, पण त्या अर्काच्या भरवशावर मी पैसे घालणार नाही.

३. कानामागे लावून बघा

वनस्पतीजन्य आहे म्हणून ॲलर्जी होत नाही असं नाही; बाकुचिओलने पुरळ उठल्याच्या नोंदी आहेत. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, रोज रात्री, चार-पाच दिवस. खाज, लाली आली नाही तरच चेहऱ्यावर.

४. रात्री लावायला सुरुवात करा

सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. टँकर किंवा बोअरच्या जड पाण्याने त्वचा ओढल्यासारखी होत असेल तर शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारा. चेहरा टिपून घ्या, घासू नका. दोन-तीन थेंब पूर्ण चेहऱ्याला, डोळ्यांच्या कडा सोडून. वर साधं मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक रात्र आड, मग रोज रात्री. त्वचा शांत राहिली तर सकाळीही लावता येतं, कारण रेटिनॉल उजेडात लगेच खराब होतं, तसं हे होत नाही. त्याच आठवड्यात नवं स्क्रब, नवं व्हिटॅमिन सी असं काही सुरू करू नका. काही बिघडलं तर कशाने ते कळणार नाही.

५. सकाळी सनस्क्रीन, स्कार्फ असला तरी

डोळेच दिसतील असा स्कार्फ बांधून गाडी चालवायची पुण्याची सवय धुळीसाठी चांगली, पण पातळ सुती कापडातून ऊन आत येतंच. एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीभर घेऊन चेहरा आणि मानेला लावा, दुपारी पुन्हा. सनस्क्रीन टाळून डाग घालवायला निघालात तर बाकुचिओलचे पैसे वाया जातील. स्कार्फ रोज धुवा. घामट कापड गालावर घासून पुळ्या येतात.

६. बारा आठवडे थांबा

पहिल्या दिवशी खिडकीच्या उजेडात एक फोटो काढा, नंतर महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी. आरशात रोज पाहून फरक कळत नाही. गाजर, पपई, आवळा याच काळात भरपूर खा. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं, ते खाल्ल्यावर. गाजराचा रस तोंडाला लावून रेटिनॉलचं काम होत नाही.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर रेटिनॉल टाळायला सांगतात. बाकुचिओलवर गरोदरपणात पुरेसा अभ्यास झालेला नाही, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच.

गालांवर वांग असेल, किंवा मेडिकलमधून आणलेलं 'गोरं करणारं' स्टेरॉइडचं क्रीम बरेच दिवस चालू असेल, तर मात्र या वाटेला लागू नका. असं क्रीम एकदम सोडलं तर चेहरा भडकतो, आणि त्यावर सीरम लावलं तर आग होते. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खासगी फी परवडत नसेल तर पुण्याच्या सरकारी ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना ते क्रीम, त्याची ट्यूब रिकामी झालेली असली तरी, सोबत घेऊन जा.