रूमबद्दल काहीच न विचारणारं गिऱ्हाईक: होमस्टेवाल्यांनी फ्रॉड बुकिंग कसं ओळखायचं

मे महिना, दिवाळी आणि थर्टी फर्स्ट, या टायमाला आपल्याकडे फोन खाली ठेवायला फुरसत नसते आणि फ्रॉडवाले पण नेमके तेव्हाच येतात, कारण घाईत माणूस समोरचा सांगेल ते बटण दाबत जातो. दिवेआगर, मुरुड-कर्दे, गुहागर, तारकर्ली-देवबाग, कुठेही विचारा, स्टोरी साधारण एकच.

आधी खरं गिऱ्हाईक कसं बोलतं ते आठवा. पुण्याची फॅमिली दापोलीला यायची असेल तर पहिला प्रश्न समुद्र किती लांब, दुसरा रेट काय आणि जेवण धरून का, मग एसी आहे का, सुरमई मिळेल का, सासूबाई व्हेज आहेत त्यांचं काय, पाच वर्षांच्या मुलाचे पैसे लावता का, ड्रायव्हर झोपणार कुठे, पावसाळा असेल तर वरंधा चालू आहे का ताम्हिणीवरून येऊ. एवढं सगळं झालं की पाचशे कमी करा म्हणणार आणि वर "घरी विचारून सांगते" म्हणून फोन ठेवणार. डोकं उठतं हे मान्य, पण असं घासाघीस करणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा खरं असतं, कारण त्याला येऊन राहायचंय. चोराला राहायचंच नाहीये, मग तो कशाला विचारेल गरम पाणी सकाळी किती वाजता येतं? तुम्ही रेट सांगा, जास्तीचा सांगा हवं तर, तो लगेच "ओके डन" म्हणतो आणि दुसऱ्या वाक्याला पेमेंटवर येतो. तुम्ही गुगल पे वापरता का फोन पे, नंबर कुणाच्या नावावर आहे, आत्ता फोन हातात आहे का. रूमपेक्षा तुमच्या मोबाईलची चौकशी जास्त झाली की तिथेच सावध व्हायचं.

सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे फौजीवाला. हिंदीत बोलणार, आम्ही आठ-दहा जण आहोत, साहेबांची फॅमिली आहे, ड्युटीवर आहे म्हणून स्वतः येऊन बघता येत नाही. न मागता आधार, आयकार्ड, कँटीन कार्ड, युनिफॉर्ममधला फोटो व्हॉट्सॲपवर टाकणार. यातली गंमत बघा, बोलताना "आर्मी" म्हणतो आणि कार्ड बऱ्याचदा सीआयएसएफचं असतं, ते दल गृह मंत्रालयाचं, आर्मीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि कार्ड खरं दिसलं तरी ते दुसऱ्याच कुणाचं तरी उचललेलं असू शकतं, म्हणून कार्डावर विश्वास ठेवायचा नाही आणि आपलं आधार-पॅनही उलट पाठवायचं नाही. खरे फौजी पण येतात की आपल्याकडे, ते बाकीच्यांसारखाच रेट कमी करून मागतात आणि साधा ॲडव्हान्स टाकतात.

मग येतो मेन डाव. "मिलिटरी अकाउंटमधून पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, आधी एक रुपया टाका, दोन रुपये परत येतील." कधीकधी खरंच दोन रुपये येतात, तोच गळ. नंतर म्हणतो आता हा कोड टाका, २४९८५, आणि तो कोड तुम्ही टाइप करताय रकमेच्या जागी! एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. क्यूआर स्कॅन करतो तो पैसे देतो, तुम्हाला घ्यायचे असतील तर तुमचा क्यूआर त्याने स्कॅन करायचा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे ॲपवरून पैसे मागायची विनंती, पाठवायची सोय बंद केली, म्हणून तो एक मार्ग गेला, पण क्यूआर आणि व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावणं चालूच आहे. "कॉल कट करू नका" असं कुणी म्हणालं तर पहिलं काम कॉल कट करायचं.

दुसरा प्रकार जास्तीच्या पैशांचा. पाच हजार ॲडव्हान्स ठरला असतो आणि मेसेज येतो पन्नास हजार जमा, पाठोपाठ रडका फोन, चुकून एक शून्य जास्त पडलं, पंचेचाळीस परत करा, आई हॉस्पिटलमध्ये आहे. तो मेसेज नीट बघा, साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही. स्क्रीनशॉट तर कुणीही बनवतं. बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघायचा, तिथे नाही म्हणजे पैसे आले नाहीत, विषय संपला. आणि समजा खरंच आले असतील तर? तेव्हा जास्त जपा. ते पैसे तिसऱ्याच कुणाला तरी फसवून तुमच्याकडे वळवलेले असू शकतात, तुम्ही ते तो सांगेल त्या नंबरवर पाठवलेत की मूळ माणसाच्या तक्रारीवर तुमचं खातं गोठतं, ऐन सीझनला. त्याला सांगायचं बाबा तुझ्या बँकेत तक्रार कर, आणि आपण आपल्या बँकेला लेखी कळवायचं. कॅन्सल केलेल्या बुकिंगचा रिफंड पण ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात.

बुकिंग साइटवर लिस्टिंग असेल तर ईमेलचा त्रास वेगळा. पाहुण्याने वाईट तक्रार केलीय, लगेच उत्तर द्या, खाली लिंक. बुकिंग डॉट कॉमच्या नावाने असे मेल फिरत असल्याचं मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये सांगितलं होतं, त्यात लिंकवर गेलं की "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा" म्हणून विंडोज आणि आर बटण दाबून काहीतरी पेस्ट करायला लावतात, आणि व्हायरस आपल्याच हाताने आत. मेलमधून जायचंच नाही, साइट वेगळी उघडून लॉगिन करून बघायचं. तसंच व्हॉट्सॲपवर "गेस्ट लिस्ट" म्हणून एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) आली तर उघडू नका, पाहुण्यांची यादी एपीकेमध्ये कोण पाठवतं?

परदेशातून तीन आठवड्यांचं ग्रुप बुकिंग आणि "जास्त पैसे पाठवतो, त्यातून आमच्या ट्रॅव्हल एजंटला द्या" असं आलं की पासपोर्ट-व्हिसाची माहिती मागा. परदेशी पाहुणा आल्यावर २४ तासांत ती ऑनलाइन भरावी लागतेच, त्यामुळे मागायला संकोच नको. खोटा असेल तर बहुतेक पुढे बोलणारच नाही.

बऱ्याच घरी लिस्टिंग मुलगा मुंबईतून बघतो आणि गावात फोन उचलतात आई-बाबा. त्यांच्या फोनमधलं यूपीआय पेन्शन किंवा एफडीच्या खात्याला जोडलेलं ठेवू नका, बुकिंगसाठी वेगळं खातं काढा, त्यात चार-पाच हजारच्या वर ठेवायचं नाही, आणि त्याच खात्याचा क्यूआर सगळ्यांना द्या. आईला एवढंच शिकवा, पैशाचं बोलणं निघालं की "मुलाशी बोला" म्हणून त्याचा नंबर द्यायचा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर, चॅट, तो क्यूआर, काही डिलीट करायचं नाही. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे पुढे सरकायच्या आत अडवायची शक्यता जास्त, म्हणून आधी शेजाऱ्याला विचारू, संध्याकाळी बघू असं नको. आणि पैसे गेले नाहीत, नुसता फोन येऊन गेला, तरी सरकारच्या संचार साथी साइटवर चक्षू नावाच्या तक्रारीच्या सोयीत तो नंबर टाका आणि गावातल्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर पण टाका, कारण तुमचा फोन ठेवला की तो पुढचा फोन त्याच आळीत लावतो.