माशांच्या टाकीखालचं लाकडी कपाट: तयारीची यादी

आधी वजन. 36 बाय 18 बाय 18 इंची टाकीत काठोकाठ 191 लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड धरले की 250 किलोच्या पुढे. हा भार स्क्रूंवर पडता कामा नये. वरची फळी उभ्या फळ्यांच्या डोक्यावर टेकवा, त्यांच्यामध्ये अडकवू नका. सुतार म्हणेल, आत बसवली की छान दिसते. ऐकू नका. मधोमध तिसरी उभी फळी हवी आणि पाठ पूर्ण बंद, नाहीतर कपाट एका बाजूला झुकू लागतं.

प्लाय 18 मिमी, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही गोंद न सुटणारा, दुकानात ‘मरीन’ म्हणतात तो), शिक्का आयएस 710. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड अजिबात नको. दारांसकट सगळं एका 8 बाय 4 शीटमधून निघत नाही, दोन आणा. घरी सागाच्या किंवा फणसाच्या फळ्या पडून असतील तर दारांना वापरा, पण बाजूने 3 मिमी फट सोडा. पावसात फुगतात.

आता कडा. ‘मरीन’ हा शब्द प्लायच्या थरांमधल्या गोंदाबद्दल आहे; लाकूड पाणी पितंच, आणि कापलेल्या कडेतून सर्वांत जास्त. म्हणून जोडणीच्या आधी, फळ्या सुट्या असतानाच, कडा सील करायच्या. जिथे फेविकॉल लागणार तिथे मास्किंग टेप लावून लाकूड कोरं ठेवा. बाकी प्रत्येक कडेला इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायचं रेझिन) दोन पातळ हात. पहिला हात कड पिऊन टाकते, त्यामुळे एका हाताला हात मानूच नका. सनमायकाची पट्टी चिकटवली म्हणजे कड बंद झाली असंही नाही. पट्टीचा कोपरा सुटला की पाणी आत जातं, आणि वरून काहीच दिसत नाही.

सर्वांत वाईट कड तळाची, कारण ती कोणी बघत नाही आणि ओलं फडकं रोज तिलाच लागतं. सील केल्यावरही कपाट थेट लादीवर ठेवू नका. उरलेल्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या तिन्ही उभ्या फळ्यांखाली घाला. वाळवीही लवकर नजरेला पडते.

स्क्रू स्टेनलेसचे, 50 मिमी. समुद्रकाठच्या हवेत साधे स्क्रू गंजतात आणि डाग पॉलिशवर उमटतो. आधी 3 मिमी भोक पाडा, नाहीतर प्लायचे थर उघडतात. जोडताना गुण्या लावून कर्ण मोजा, दोन्ही सारखे हवेत.

पाईप आणि वायरींसाठी मागे भोक, कॅनिस्टर फिल्टरचं (टाकीखाली कपाटात बसणारा डब्यासारखा फिल्टर) झाकण उघडायला वर मोकळी जागा (फिल्टर आधी आणा, मग माप घ्या). भोक पाडलंत म्हणजे नवी कड तयार झाली. इपॉक्सी. बिजागरीचा 35 मिमी खळगाही कडच आहे. इपॉक्सी. प्लग बोर्ड आत वरच्या बाजूला, वायर बोर्डाच्या खाली झोळ घेऊन वर चढवलेली, म्हणजे ओघळ झोळावरून टपकतो, प्लगमध्ये शिरत नाही.

फिनिशिंगचं वेळापत्रक मात्र हवेकडे बघून. चतुर्थीच्या आधी घर उजळायच्या घाईत पॉलिशही उरकून टाकूया असं वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते करू नका. दमट हवेत मेलामाइन पॉलिश पांढरं पडतं, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये बुडबुडे येतात, इपॉक्सीवर चिकट थर बसतो. तो आलाच तर कोमट पाण्याने पुसा, वाळू द्या, 220 चा सँडपेपर मारा, मग पुढचा हात. नोव्हेंबर ते मे बरा. आतल्या बाजूलाही पॉलिश हवंच, ओल आतच कोंडते. पाठीला वर-खाली हवेची भोकं ठेवा. आणि त्या भोकांच्या कडा? सांगून झालंय.

पुढचं भराभर. वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. पाणसळ लांबीला आणि रुंदीला. टाकीची तळकाच थेट टेकत असेल तर खाली 10 मिमी थर्माकोल. तळाला फ्रेम असेल तर नको. अर्धी भरा, रात्रभर ठेवा, दारं अडकतात का बघा, मग पूर्ण. मागचं भोक नंतर मोठं करावं लागलं तर टाकी भरायच्या आधीच करा, आणि पुन्हा दोन हात इपॉक्सी.